तरडगावच्या तळावरून

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीची लोणंद ते तरडगाव ही वाट जेमतेम आठ किलोमीटरांची, आणि मध्ये चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड, त्यामुळे चालणाऱ्यांना आजचा दिवस सणासारखा गेला. सामानाच्या गाड्या सांभाळणाऱ्यांचे काम मात्र अंतराने कमीजास्त होत नाही. पालखी आठ किलोमीटर चालो की पुण्याहून सासवडपर्यंत तीस, राहुट्या तेवढ्याच ठोकाव्या लागतात आणि चुली तेवढ्याच पेटवाव्या लागतात. फरक पडला तो एवढाच, की आज रात्री वही उघडायला थोडी उसंत मिळाली.

आमच्या दिंडीत दोनशेच्या आसपास माणसे आहेत आणि भजन व चालणे सोडून त्यांचे बाकी सगळे आम्हा चार-पाच जणांकडे असते. या कामाची सुरुवात हिशेबाच्या वहीने होत नाही, ती पंचांगाने होते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर ही दोन टोके पक्की असली, तरी मधल्या तिथीचा क्षय आहे की वृद्धी, यावर लोणंदला किती मुक्काम हे ठरते. एक मुक्काम वाढला म्हणजे दोन जेवणे, एक नाश्ता आणि पाण्याच्या टँकरची एक जादा फेरी वाढली. पुण्याहून निघण्याचा दिवस तर बहुधा एकादशीचा असतो, म्हणजे दिवे घाट चढण्याची सर्वांत लांब मजल लोक उपवासाने करतात. त्या दिवशी साबुदाणा आणि वरई वेळेवर पोहोचली नाही, तर गव्हाचे पोते कितीही शिल्लक असले तरी त्याचा उपयोग शून्य असतो. म्हणून फराळाचे सामान आम्ही वेगळे बांधतो आणि ते सर्वांत शेवटी चढवतो, म्हणजे ते सर्वांत आधी हाती येते.

रोजचा खरा पेच असा, की माणसे आणि त्यांचे अंथरूण पहाटे एकमेकांपासून वेगळे होतात आणि रात्रीच भेटतात. पालखीच्या रस्त्यावर इतर वाहतूक बंद होण्याआधी ट्रक पुढे काढावे लागतात, त्यामुळे वारकरी आंघोळी उरकत असतानाच राहुट्या उतरवाव्या लागतात. पाऊस असला तर भिजलेल्या कापडाचे वजन जवळपास दुप्पट वाटते, आणि फलटणच्या पुढे काळी माती लागली की भरलेला ट्रक रुतण्याची धास्ती कायम असते. आचाऱ्यांच्या आम्ही दोन तुकड्या केल्या आहेत: एक दुपारच्या विसाव्याचे जेवण करते, दुसरी थेट पुढच्या तळावर जाते. एकाच तुकडीने दोन्ही जेवणे करावीत असे दरवर्षी कोणी ना कोणी पैसे वाचवण्यासाठी सुचवते. माझ्या मते ती काटकसर नव्हे. रस्ता बंद असताना दुपारची भांडी रात्रीच्या तळावर पोहोचवण्याचा मार्गच नसतो.

बाहेरच्या माणसाला लाखोंची ही गर्दी सैरावैरा वाटते, पण तिच्यात प्रत्येकाला पत्ता आहे. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीला क्रमांक. चुकलेल्या आजीला तळाचे ठिकाण सांगता येत नाही, पण ‘रथामागे अमुक नंबर’ एवढे तिला पाठ असते आणि तेवढ्यावर कोणीही माऊली तिला आणून सोडतो. पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या दरबारचे सरदार होते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू यावेत ही रीत त्यांच्याच काळातली. ज्याने लष्कराचे तळ हलताना पाहिले असतील, त्यानेच ही रांग लावली, हे पदोपदी जाणवते.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावते ती संध्याकाळची समाजआरती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला गेलेला असतो, आणि चोपदाराने हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला की क्षणात सगळे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने तेवढा टाळ वाजवत राहायचा. चोपदार तिच्यापाशी जाऊन विचारपूस करतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचे पुकारे होतात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि मग आरती. एरवी मी लग्नसमारंभांच्या आणि संमेलनांच्या व्यवस्थेत काम करतो. तिथे तक्रार ऐकण्याची वेळ कार्यक्रम संपल्यावर येते, जेव्हा तिचा कोणालाच उपयोग नसतो. इथे उद्याची वेळ जाहीर होण्याआधीच आजची कुरबूर समोर येते, आणि गप्प राहिलेल्या दिंडीला मागाहून ‘आमचे कोणी ऐकले नाही’ असे म्हणता येत नाही. नंतरच्या कागदी अहवालापेक्षा ही पद्धत मला कितीतरी शहाणी वाटते, जरी शहरातल्या सभागृहात ती कशी आणावी हे अजून सुचलेले नाही.

उद्या फलटण, म्हणजे एकवीसेक किलोमीटर. पुढच्या तुकडीला दुधाचा पुरवठा फलटणमध्येच घ्यायला सांगितले आहे, दोन रिकाम्या सिलिंडरांची अदलाबदल तिथेच करायची आहे, आणि टँकरवाल्याने पहाटे तीनला येतो म्हटले असले तरी त्याला अडीचलाच फोन करणार आहे.