तुम्ही विचारलंत म्हणून: मोनोची तपासणी आजच का नको?

"ताप आहे, घसा सुजलाय, मग मोनोची तपासणी आजच का लिहून देत नाही?" हा प्रश्न मला पेशंटपेक्षा त्यांचे आईवडील जास्त विचारतात. तो काळजीपोटी येतो, म्हणून नीट उत्तर देते.

मोनो, म्हणजे इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस, बहुतेकदा एपस्टाइन-बार विषाणूमुळे होतो. लहानपणी तो साध्या तापासारखा येऊन जातो. 15 ते 24 या वयात मात्र माणसाला आडवं पाडतो. त्यामुळे मी आधी वय बघते आणि मग मान चाचपते. नेहमीच्या टॉन्सिलच्या सुजेत गाठी जबड्याखाली, पुढच्या बाजूला लागतात. मोनोत त्या मानेच्या मागेही लागतात, कधी काखेतही. टाळूवर बारीक लाल ठिपके, हाताला लागणारी प्लीहा (पोटात डावीकडे वर, बरगड्यांखाली असणारा अवयव), अंथरुणातून उठू न देणारा थकवा, यातलं काही असलं की संशय बळावतो. गाठीच नसतील आणि नाक वाहत असेल, तर मी तपासणी करत नाही.

संशय आला तरी दिवस मोजावे लागतात. झटपट होणारी मोनोस्पॉट चाचणी विषाणू शोधतच नाही. आजारात शरीर जी विशिष्ट प्रतिद्रव्यं बनवतं, ती शोधते. या रुग्णांच्या रक्तद्रवाने मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात हे पॉल आणि बनेल या संशोधकांनी 1932 मध्ये दाखवलं, त्याच तत्त्वावर ती उभी आहे. ही प्रतिद्रव्यं तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात मोनो असूनही चारातल्या एकापर्यंत रुग्णांचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि तो कागद बघून घरचे निर्धास्त होतात. मला भीती त्याची वाटते. चार वर्षांखालच्या मुलांत तर ही प्रतिद्रव्यं बऱ्याचदा सापडतच नाहीत.

म्हणून मला साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, फार उपयोगी वाटतो. पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट्स या प्रकारच्या पेशी निम्म्याहून जास्त आणि त्यातही वेगळ्या दिसणाऱ्या पेशी दहा टक्क्यांच्या वर असतील, तर मोनोची शक्यता बरीच वाढते. तरीही शंका राहिली तर एपस्टाइन-बार विषाणूच्या दोन वेगवेगळ्या भागांविरुद्धची व्हीसीए आणि ईबीएनए प्रतिद्रव्यं तपासायची. व्हीसीए आयजीएम (संसर्गात आधी तयार होणारं प्रतिद्रव्य) आहे पण ईबीएनए अजून नाही, म्हणजे संसर्ग ताजा. नुसतं आयजीजी (टिकून राहणारं प्रतिद्रव्य) पॉझिटिव्ह आलं तर घाबरू नका. बहुतेक मोठ्या माणसांत ते आयुष्यभर असतं.

मोनोवर खास औषध नाही, मग तपासायचं तरी कशाला? पुढचे निर्णय त्यावर बदलतात म्हणून. मोनोत अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक दिलं की अनेकदा अंगभर पुरळ उठतं आणि त्या माणसावर पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा शिक्का कायमचा बसतो. खेळाडू असेल तर प्लीहा फाटण्याच्या भीतीने किमान तीन आठवडे धक्काबुक्कीचे खेळ बंद ठेवावे लागतात. आणि अगदी असाच आजार सायटोमेगॅलो विषाणूमुळे, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे किंवा नव्याने झालेल्या एचआयव्हीमुळेही दिसतो. मोनोस्पॉट निगेटिव्ह आली आणि एचआयव्हीची थोडीही शक्यता असली, तर ती तपासणी मी आग्रहाने करायला लावते. पेशंट गरोदर असेल तर या तिन्हींचा विचार करावाच लागतो.

पोटात डावीकडे वरच्या बाजूला अचानक जोरात दुखू लागलं, श्वास अडकू लागला किंवा थुंकीही गिळता येईना, तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका. रात्र असली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.