तुम्ही विचारलंत म्हणून: गोठलेल्या तळ्यात मी का उतरते

"बर्फातल्या त्या भोकात तू मजा म्हणून उतरतेस? थंडी नाही वाजत?" फिनलंडहून सुट्टीला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. मावशी काळजीने विचारते, बिल्डिंगमधले काका कुतूहलाने.

वाजते. सडकून वाजते. आणि मजा त्या थंडीचीच आहे.

मी टाम्परेला राहते. शहराच्या उत्तरेला नॅसियार्वी नावाचं मोठं तळं आहे आणि त्याच्या काठावर राउहानिएमीचा सार्वजनिक सौना, म्हणजे घाम काढायची तापलेली खोली, १९२९ सालापासूनचा. हिवाळ्यात तळं माणसाला चालता येईल इतकं घट्ट गोठतं. पण धक्क्यापाशी थोडी जागा मोकळी राखतात. तिला 'आवान्तो' म्हणतात. पाणी शून्य अंशाच्या जेमतेम वर. सौनात ऐंशी-नव्वद अंशांत घाम निघेपर्यंत बसायचं, ओल्या अंगाने धक्क्यावरून चालत यायचं आणि कठडा धरून पायऱ्या उतरायच्या.

उतरायच्या, कारण उडी मारायची नसते. थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना आपला श्वास कसा खस्सकन आत ओढला जातो? तेच इथे कितीतरी पटींनी होतं. नाडी पळायला लागते, रक्तदाब चढतो, धाप आवरत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून डोकं कायम वर, कानांवर लोकरीची टोपी. हातमोजे आणि पायमोजे निओप्रीनचे, म्हणजे जाड रबरी कापडाचे, कारण आधी बोटंच ठणकतात.

मला हे शिकवलं सौनात भेटलेल्या एका आजींनी. सत्तरी ओलांडलेल्या. मी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून हपापल्यासारखी श्वास घेत होते. त्या शेजारच्या पायरीवरून म्हणाल्या, "घेऊ नकोस, सोड. लांब सोड." मी ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहिले. छाती आवळलेलीच होती, मांड्यांना सुया टोचत होत्या, पण उच्छ्वास हळूहळू लांबत गेला. खांदे पाण्यात गेले. आणि मग भीतीच राहिली नाही. नुसतं काळं, स्वच्छ पाणी आणि त्यात मी. चार हात मारून परत पायरीवर. एवढंच असतं ते, मिनिटभराचं.

खरं सुख बाहेर आल्यावर. उणे पंधरात, ओल्या स्विमसूटमध्ये धक्क्यावर उभं राहायचं, खांद्यांवरून वाफा निघतायत, कातडी लालबुंद, आणि गार अजिबात लागत नाही! एरवी बस थांब्यावर एकमेकांपासून लांब उभी राहणारी माणसं इथे ओळखपाळख नसताना गप्पा मारतात, हसतात. परक्या देशात मला पहिल्यांदा आपलं कुणीतरी आहे असं वाटलं ते या धक्क्यावर.

याने प्रतिकारशक्ती वाढते का, वजन उतरतं का, असंही विचारतात. त्यासाठी मी जात नाही. आनंद हे कारण मला पुरेसं आहे.

पण ज्यांना हृदयविकार आहे किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी हे करू नये. दारू पिऊन तर नाहीच, आणि एकट्याने कधीच नाही. सौनात परत जायचं नसेल, तर बाहेर येताच अंग कोरडं करून कपडे चढवायचे. पाण्याबाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरत राहतं, हुडहुडी उशिराने भरते.

काका, तुम्ही फेब्रुवारीत येताय ना? आधी डॉक्टरांना विचारून घ्या. ते हो म्हणाले तर टोपी, मोजे मी देईन आणि शेजारच्या पायरीवर मीच उभी असेन.