नकाशावर नापास झालेलं कुरण

चांदोलीत आम्ही रानमोडी नावाचं बाहेरून आलेलं झुडूप काढून मोकळे केलेले कुरणाचे तीन तुकडे आहेत. पैसे देणाऱ्या कंपनीनं डिसेंबरात उपग्रहाच्या प्रतिमेवरून त्यांचा निकाल लावला. त्यात सगळ्यात चांगला तुकडा नापास झाला आणि सगळ्यात वाईट पहिला आला. तो नकाशा घेऊन कंपनीचे साहेब स्वतः आले आणि आम्ही रानात गेलो, त्या दिवसाची ही गोष्ट.

आधी थोडं मागचं. चांदोलीचं अभयारण्य 1985 चं, राष्ट्रीय उद्यान झालं 2004 मध्ये, आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. वारणेचं धरण आणि अभयारण्य या दोन्हींपायी आतली गावं उठली. भातखाचरं, कुमरीची, म्हणजे झाडी तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची, वरकस रानं, गुरं चारायचे माळ सगळे ओस पडले. तिथं गवत माजलं, गवे आणि सांबरं उतरायला लागली. मागोमाग रानमोडी आली. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, एकेका झुडपाला हजारोंनी बी, तेही वाऱ्यावर उडणारं. गवा तिला तोंड लावत नाही. तिचा एक गुण मात्र मान्य करायला हवा, पाला चोळून जखमेवर लावला की रक्त थांबतं. ती तोडताना कोयता लागला की आमच्या बायका तिचाच पाला शोधतात.

वाघ हवा तर आधी सांबर-चितळ हवं आणि त्यांना गवत हवं. सागरेश्वर अभयारण्यातली चितळं इकडे आणून सोडली ती याच हिशेबानं. आमचं कामही त्याच साखळीतलं.

कंपनीचा हिशेब वेगळा होता. डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान 30 टक्के क्षेत्रावर पुनर्संचयनाचं, म्हणजे ती पुन्हा सावरण्याचं, परिणामकारक काम चालू असलं पाहिजे. ही ओळ त्यांच्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर होती. ‘परिणामकारक’ ठरवायची त्यांची पट्टी मात्र दोनच खुणांची, किती हेक्टर साफ केले आणि हिरवाईचा निर्देशांक किती वाढला. हा निर्देशांक उपग्रहावरून निघतो. ताजं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं, त्या फरकावरून जमीन किती हिरवी ते कळतं. हिरवं काय आहे, हे त्याला विचारू नये.

जीपमध्ये साहेब, बीटचे वनरक्षक, मी आणि मावशी. मावशी आमच्या मजूर बायकांच्या मुकादम. लग्न होऊन त्या याच डोंगरातल्या एका गावात आल्या होत्या. ते गाव उठल्यापासून पुनर्वसन वसाहतीत राहतात आणि आता स्वतःच्या जुन्या रानात रोजंदारीवर येतात. मला हे कायम विचित्र वाटत आलंय. त्यांना विचारलं तर म्हणतात, "रोज मिळतोय न्हवं?"

पहिला तुकडा नकाशावर गर्द हिरवा. समोर माणूसभर उंच रानमोडी, पांढुरक्या-जांभळट फुलांनी लगडलेली. साहेब जरा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "हे आपण साफ केलं होतं ना?"

केलं होतं, पण मार्चमध्ये. पैसे फेब्रुवारीत आले आणि 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवे होते. तोवर बी उडून गेलेलं आणि जमीन दगडासारखी, मुळं उपटून येत नाहीत. मग बायकांनी कोयत्यानं कापली. कापलेल्या बुंध्याला पावसाळ्यात दुप्पट धुमारे फुटले. कागदावर हेक्टर पूर्ण झाले आणि पुढच्या डिसेंबरात निर्देशांकही वाढला. दोन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा.

दुसरा तुकडा उतरणीचा माळ. तिथली रानमोडी नवरात्राच्या सुमाराला, माती ओली असताना, मुळासकट उपटली होती. त्या वेळी पैसे दुसऱ्या कामातून वळवले होते, म्हणून जमलं. आता तिथं गुडघ्याच्या वर सोनेरी गवत, आणि नकाशावर लालभडक डाग. मावशी पुढं होऊन एकेक काडी दाखवू लागल्या. "ही कुसळी. हे पवना, ह्ये गुरं आधी खात्यात." चार पावलांवर गव्याचं शेण, थोडं पुढं सांबराच्या लेंड्या. वनरक्षकांनी शेण काठीनं उलटून बघितलं आणि म्हणाले, "कालचंच."

साहेब म्हणाले, "पण हे सगळं वाळलंय."

"डिसेंबरात गवात वाळंल न्हाई तर काय करंल?" मावशी म्हणाल्या. इतका नेमका तांत्रिक अभिप्राय मला आमच्या अहवालात लिहिता आला नव्हता.

खरी वादावादी तिसऱ्या तुकड्यावर झाली. नकाशावर तो पिवळट, म्हणजे धड ना हिरवा ना तांबडा. जुनी भातखाचरं, बांध अजून ओळखू येतात. रानमोडी होतीच, पण तिच्या आत जांभूळ, अंजनी, पिसा यांची रोपं कमरेएवढी झालेली. आमच्या आराखड्यात तो कुरण म्हणून लिहिला होता. वनरक्षकांचंही म्हणणं तेच, गव्याला उघडी जागा हवी. मावशी ठाम होत्या. आजेसासऱ्यांनी झाडी तोडून ती खाचरं काढली होती, हे त्यांनी घरात ऐकलेलं. "माळ हाय त्यो माळच हुता. पर हितं झाडीच हुती. ती परत येतीया तर येऊ द्या की."

पुनर्संचयनाच्या शास्त्रात पहिला प्रश्न हाच असतो. जमीन कशासारखी व्हायला हवी, म्हणजे संदर्भ परिसंस्था कोणती? आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना आहे, तिन्ही तुकड्यांपुढं आम्ही एकच शब्द भरला होता, ‘कुरण’. मला मावशींचं पटलं, आणि त्याला व्यवहाराचंही कारण होतं. रानमोडीला भरपूर ऊन लागतं. झाडांची सावली मिळाली की ती आपोआप मागं हटते. तिथं सगळं सपाट करून दरवर्षी उपटत बसण्यापेक्षा रोपांभोवतीची तेवढी काढायची. वनरक्षकांना वरच्या दोन खाचरांपुरतं हे मान्य झालं, खालची उघडी ठेवायची.

वरची दोन खाचरं साफ केलेल्या हेक्टरांतून गळणार, म्हणून साहेबांना काळजी लागली. जवळच्या सड्याकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "तिथं झाडं लावून तूट भरून निघेल?" जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, पावसाळ्यात त्यावरच सगळी फुलं. मी म्हटलं, "सर, कास पठारावर कुणी खड्डे खणायला लागलं तर सातारकर काय करतील?" ते हसले. प्रश्न मागं घेतला की नाही, ते मात्र कळलं नाही.

नंतर अहवालासाठी मावशींचा फोटो काढायला साहेबांनी मोबाइल वर केला, तर त्या म्हणाल्या, "फोटू काढा. पर मागची हजेरी कवा जमा हुणार, त्ये बी लिवा." हप्ता खरंच अडकला होता. साहेबांनी मोबाइल खाली घेतला आणि तिथंच तारीख टिपून घेतली.

अहवाल आम्ही नव्यानं लिहिला. एका प्रतिमेऐवजी दोन, ऑक्टोबर अखेरची आणि डिसेंबरची. जिथं हिरवाई दोन महिन्यांत झपकन उतरते तिथं गवत, जिथं टिकून राहते तिथं झुडूप नाहीतर झाड. उपग्रह तोच, प्रश्न बदलला. शिवाय एक मीटर चौरसाच्या चौकटी टाकून गवत किती, रानमोडीची नवी रोपं किती, शेण-लेंड्या किती, हे जमिनीवर मोजायचं. पहिला तुकडा आम्ही ‘अपूर्ण’ लिहिला आणि तिसऱ्याचे दोन भाग केले.

दोन प्रतिमा कंपनीनं मान्य केल्या. पैसे सप्टेंबरात द्यायलाही तयार झाली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई तीच. हेक्टर कमी करायला मात्र तयार नाही, त्या रकान्यात अजून ‘तूट’ लिहिलेलं आहे आणि त्यावर पत्रव्यवहार चालू आहे. मावशींनी नवरात्राच्या कामाला बायका आणायचं कबूल केलंय. अट एकच, हजेरी दर आठवड्याला.