तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या रेझरबद्दल

"गुरुजी, दुकानात वीस रुपयांना मिळतो, मग पाचशेचा रेझर पार्सलने कशाला मागवता?" हा प्रश्न मला किराणा दुकानात, पारावर आणि शाळेच्या व्हरांड्यातही विचारला जातो, आणि आजवर 'आवडतो म्हणून' एवढेच सांगून मी विषय संपवत आलो आहे. ते उत्तर खरे नव्हते.

या रेझरची मूठ पुन्हा वितळवलेल्या प्लॅस्टिकची आहे. मुठीच्या बुडाशी बारीक त्रिकोण असून त्यात 5 हा आकडा आहे. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याचे दह्याचे डबे आणि बाटल्यांची झाकणे बनतात. मूठ कायम राहते, बदलायचे ते फक्त पात्यांचे टोक. वीस रुपयांच्या रेझरमध्ये मात्र प्लॅस्टिक आणि पोलाद एकमेकांत असे जखडलेले असते की भंगारवाला ते लोखंडातही घेत नाही आणि प्लॅस्टिकातही घेत नाही. 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंमध्ये स्ट्रॉ आहे, कान साफ करायच्या काड्या आहेत, फुग्याच्या काड्यासुद्धा आहेत, रेझर नाही. आमच्याकडे तो उकिरड्यावरच जातो.

काही वर्षांपूर्वी, मृग लागण्याच्या आधी, आमच्या उकिरड्याचे शेणखत कपाशीच्या वावरात नेले होते. बैलगाडीतून ओतलेले ढीग ओळीने पडले होते आणि वीस वर्षांपासून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ते टोपल्यात भरून फेकत होत्या. खत हातानेच भरतात. तिसऱ्या की चौथ्या ढिगात हात घालताच त्या थबकल्या. उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी, अर्धा तुटलेला निळा रेझर रुतला होता. रक्त मनगटावरून ओघळत होते आणि त्याला खताचा भुगा चिकटत होता. त्यांनी तो स्वतःच ओढून काढला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"गुरुजी, हे तुमच्याच घरचं होय ना जी?"

आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. मी म्हणालो, "वाऱ्यानं आलं असेल."

रेझर वाऱ्याने येत नाही. त्या उकिरड्यावर आमच्या घराखेरीज कोणाचाही कचरा पडत नाही आणि तो निळा रंग मी रोज सकाळी आरशात पाहत होतो. त्याच वर्षी चौथीच्या मुलांना मी ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला शिकवत होतो. आरोग्य केंद्रात मावशींना चार टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि ऐन सरकी टोबण्याच्या दिवसांत त्यांची तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. मजुरी मी भरून दिली. ते वाक्य मात्र मी आजवर परत घेतलेले नाही.

तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो की एका रेझरने काय होणार आहे; वावराच्या बांधावर कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या आहेत, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे वेटोळे गोठ्यामागे सडत नाही आणि संपतही नाही, खताच्या फाटक्या पोत्यांचे धागे मातीत मिसळले आहेत. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्या बाटल्याही माझ्याच आहेत. शिवाय नवा रेझर ज्या पार्सलमधून आला, त्यालाही प्लॅस्टिकचेच वेष्टन होते, आणि नव्या टोकातले पातेही तितकेच कापते.

वडिलांचा पोलादी रेझर वापरा, असे माझी पत्नी म्हणते. त्यात प्लॅस्टिक मुळीच नाही, म्हणून तिचे कदाचित बरोबरच असेल. पण त्याची सुटी पाती कागदात गुंडाळून परसात भिरकावण्याची वडिलांची सवय माझ्या हातालाही लागलेली आहे आणि त्या हाताचा मला भरवसा वाटत नाही. नव्या रेझरची टोके दर खेपेला विकत आणावी लागतात, महाग पडतात, म्हणून ती माझ्याकडून मोजली जातात. वापरलेली सगळी टोके मी पत्र्याच्या एका डब्यात टाकतो. आतापर्यंत एकोणतीस झाली आहेत. डबा भरल्यावर तो भंगारवाल्याने घेतला नाही तर काय करायचे, हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही. उकिरड्यावर जाणार नाही, एवढेच ठरले आहे.