चिडचिड गोळीची की बीपीची? नेफ्रोटिकच्या उपचारातला माझा अनुभव

मुलीला नेफ्रोटिक सिंड्रोमसाठी (लघवीतून प्रोटीन जाऊन अंगावर सूज येणारा मूत्रपिंडाचा आजार) प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली की भूक आणि फुगलेला चेहरा यांबद्दल सगळेच सांगतात. स्वभावातले बदल पालकांनाच ओळखावे लागतात.

पहिल्या वेळी डोस मोठा असतो. आमच्याकडे 6 आठवडे रोज, किलोमागे 2 मिग्रॅ (कमाल 60) आणि पुढचे 6 आठवडे एक दिवसाआड दीड मिग्रॅ (कमाल 40) असा होता. रोजच्या डोसात रडारड, अंगावर धावून जाणं, रात्री टक्क जागं राहणं हे सगळं येऊ शकतं. डॉक्टरांना विचारून पूर्ण डोस सकाळी नाश्त्यानंतर एकदाच दिला तर झोप सुधारते. डोस उतरला की स्वभावही बहुधा निवळतो. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर पोर उगाच वांड ठरतं. भास होणं किंवा असंबद्ध बोलणं मात्र चिडचिडीत मोडत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

वहीत सकाळच्या पहिल्या लघवीतल्या प्रोटीनशेजारी झोप, मूड आणि बीपीचे रकाने आखले. त्यातला बीपीचा सगळ्यात मोलाचा, कारण या गोळीने बीपीही वाढू शकतं. मशीन मुलांसाठी प्रमाणित हवं आणि कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मुलांच्या मापाचाच: लहान कफ बीपी खोटं वाढवून दाखवतो, मोठा कमी. पाच मिनिटं शांत बसवून मोजायचं. मुलांची मर्यादा वय, उंचीनुसार बदलते, म्हणून आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून पहिल्याच पानावर लिहून घ्यावा.

डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, गुंगी यांतलं काही वाढलेल्या बीपीसोबत आलं तर थेट रुग्णालय. बीपी झपाट्याने चढलं की मेंदूच्या मागच्या भागात सूज येऊन फीट येऊ शकते. बीपी नॉर्मल आहे म्हणूनही घरी थांबू नये, कारण या आजारात रक्त लवकर गोठतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेलं असेल तर मेंदूच्या शिरेत गुठळीचा धोका आणखी वाढतो. फीट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि फीट किती वेळ चालली ते घड्याळात बघायचं.

डोस कमी होत असतानाची डोकेदुखी वेगळी. सोबत एकाची दोन दिसत असतील तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्यावा. गोळी मनाने अचानक बंद केली, किंवा उलटीत पडून गेली, तर मूल मलूल होतं, साखरही उतरू शकते. म्हणून उलटीच्या दिवशी डोसाचं काय करायचं, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

जमिनीवरून उठताना मूल हाताचा आधार घेऊ लागलं किंवा जिना टाळू लागलं, तर गोळीमुळे मांड्यांचे स्नायू अशक्त झालेत का, हे पुढच्या तपासणीत विचारा.