वळवाआधीचे 36 बाण

साताऱ्यात ‘मी आर्चरी करतो’ असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, “अदिती स्वामीसारखं?” ऐकायला बरं वाटतं आणि लाजही वाटते. अदितीनं 2023 मध्ये बर्लिनला, 17 व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं ते कंपाउंड धनुष्यावर. त्याला कप्प्या असतात, नेमासाठी भिंग असतं. माझं धनुष्य बांबूचं. त्याला एक दोरी आणि ओढायला मी, वय 47.

आमचा सीझन मे अखेरीस संपतो. आम्ही सराव करतो ते रान क्लबचं नाही, तात्यांचं आहे, आणि मृगाआधी ते मोकळं करून द्यावं लागतं. पुढे त्यात सोयाबीन असतं. म्हणून शेवटच्या रविवारी सगळे जमतो आणि 30 मीटरवर 36 बाण सोडतो. सहा-सहा बाणांचे सहा एंड, एका एंडला चार मिनिटं. मला 360 पैकी 200 करायचे होते.

पहिल्या एंडला 19. एक बाण टार्गेटच्या बाजूनं गेला तो गवतात कुठं शिरला, दिसलाच नाही. दुसऱ्या एंडला 22. सगळे बाण डावीकडे, आणि दोरी दर वेळी मनगटावर फाडकन बसतेय. मी आपला कोपर वळव, श्वास धर, खांदा पाड, असं करत बसलो. शेवटी शेजारी उभी असलेली कॉलेजातली पोरगी म्हणाली, “काका, मूठ मोजली का?”

नव्हती मोजली. धनुष्याची मूठ आणि दोरी यांच्यात किती अंतर आहे ते हाताची मूठ टेकवून, अंगठा उभा करून बघायचं. अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे. माझा अंगठा अर्धाच उभा राहत होता. दोरी नवी होती, त्यात सकाळपासून धनुष्य चढवलेलंच उन्हात उभं केलेलं. दोरी ताणली गेली होती. अंतर कमी झालं की दोरी फार पुढं येते आणि मनगटाला लागते. बाणही धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असल्यामुळे त्याचं तोंड आणखी डावीकडे जातं. म्हणजे कोपर बिचारा निर्दोष होता.

बाकीचे बाण काढायला गेले, तेवढ्यात मी दोरीचा एक फास सोडवून पीळ दिला. घाईत उलटा दिला! दोरी आणखी लांबली. पोरीनं हसू दाबलं. मग सुलट पीळ दिला, चढवली, मोजली, कमीच. परत उतरवली. तिसऱ्या खेपेला अंगठा टेकला आणि शिट्टी झाली.

पुढचे तीन एंड 38, 41, 43. त्या 43 मध्ये एक बाण आठ आणि नऊच्या रेषेला जेमतेम शिवला होता. रेषेला शिवला की वरचा आकडा मिळतो, पण आकडा लिहून होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही. एवढा वेळ हात मागं बांधून मी आयुष्यात कधी उभा राहिलो नसेन. नऊ मिळाले.

शेवटच्या एंडला 37 हवे होते. यवतेश्वराकडून ढग आले आणि वळीव सुरू झाला. टपोरे थेंब, मातीचा वास, सगळं छान, पण माझ्या बाणांना खरी पिसं. ती भिजली की चपटी होतात आणि बाण सरळ होईपर्यंत टार्गेट येतं. 33 झाले. एकूण 196.

बक्षिसं राहिली बाजूला. तात्या डोक्यावर पोतं घेऊन बांधावर आले. “आधी बाण मोजा. बैलाच्या खुरात घुसला तर कोण निस्तरायचं?” मग आम्ही सगळे ओळीनं, पाय घासत गवतातून फिरलो. गवतात गेलेला बाण आडवा सरकत मुळांत शिरतो, उभ्यानं दिसत नाही. सगळ्यांचे सापडले. माझा पहिल्या एंडचा तेवढा नाही. तात्या काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी जाऊन परत शोधला.

बुधवारी त्यांचा फोन आला. “शेंदरी पिसाचा तुमचाच का? कुळवाला घावला. मोडलाय. चहाला या अन् घेऊन जावा.”