सत्तेचाळिसावा खडा

मराठवाड्यातल्या एका गावातली गोष्ट आहे, नाव नाही सांगत. मी तेव्हा पाणलोटाच्या कामात होतो. पाऊस बरा झालेला, नाला खोलीकरण पण झालेलं, तरी पिण्याच्या पाण्याची विहीर फेब्रुवारीतच तळाला लागलेली. माझ्या लॅपटॉपवर शिवाराचा मस्त रंगीत नकाशा होता पण तो बघून कुणी काही बोलेना. मग नेहमीचंच केलं, मारुतीच्या पारासमोर जमीन सारवून घेतली आणि रांगोळीचं पाकीट गावकऱ्यांच्या हातात दिलं.

तासाभरात शिवार उतरलं. ओढा निळीचा, विहिरी कोळशाच्या, बोअर म्हणजे खडे. पुरुषांनी आधी रस्ते आणि आपापली रानं काढली (नेहमी असंच होतं), बोअर म्हणे पंधरा-वीस असतील. कडेला उभ्या बायका हसायला लागल्या. एक आजी म्हणाली, "ह्यान्ला काय म्हाईत, पानी आमी वढतो." मग त्याच एकेक खडा ठेवत गेल्या, कुणी कधी पाडला, किती फूट, कुठला फेल गेला, सगळं तोंडपाठ. ४७ झाले! निम्मे तर विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं.

विचारलं, विहीर उतरते कधी? आजीनं पायऱ्यांच्या रेघा ओढल्या, "रातची लाइट असली की सकाळच्याला दोन पायऱ्या खाली."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. शेतीची थ्री फेज वीज रात्री आली की सगळ्या मोटारी एकदम चालू, आणि आपल्याकडे काळा पत्थर, पाणी राहतं ते भेगांमध्ये, वरून ओढलं की खालची विहीर उतरणारच. खडूनं बाण काढले, विहीर उतरली की नवा बोअर, नवा बोअर की विहीर अजून खाली. एक पोरगं म्हणालं, "सर, बाण तर फिरून तिथंच आला की."

सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घ्यायचा नाही हे राज्याच्या १९९३च्याच भूजल कायद्यात आलं होतं. ते सांगितल्यावर सगळे गप्प.

जेवून आलो, चार्टपेपरवर उतरवायला बसलो तर खडे ४६. दोनदा मोजले. गेला होता तो विहिरीला सगळ्यात जवळचा, गावातल्या एका वजनदार माणसाचा. मी काही बोलणार तेवढ्यात आजी आली, पाराजवळचा एक खडा उचलला, बरोब्बर जागेवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून ओल्या सारवणात रुतवला.